साहेबांच्या वहीतला पळपुटा

गोदामात त्यांना सगळे मुंगी म्हणायचे. अंगाने काडीपैलवान, पण स्वतःच्या दुप्पट ओझं घेऊन जिना चढायचे. वय झालं तसा मुंगीचा मुंगीकाका झाला. तीस वर्षांनी काम सुटलं. "मी तेवढा घरी आलो, गुडघे गोदामातच राहिले," असं ते स्वतःच हसून सांगत.

त्याआधी, बाविसाव्या वर्षी, ते आणि त्यांचा थोरला भाऊ एका साहेबांचं सामान वाहायला जंगलात गेले होते. नकाशावर जिथे नुसता हिरवा रंग होता तिथून नदीचा उगम शोधून साहेब परतले. त्यांचा पुतळा झाला, शाळेच्या पुस्तकात धडा आला. थोरला भाऊ मात्र परतला नाही. "तापाने गेला. शेवटी माझ्या मांडीवर डोकं होतं," असं मुंगीकाकांनी वहिनींना सांगितलं. त्या एका वाक्यावर वहिनींनी त्रेचाळीस वर्षं काढली. दोन खोल्यांचं घर; एकीत दीर, दुसरीत भावजय. त्यांनी कपडे शिवले, यांनी पोती वाहिली.

साहेबांवर सिनेमा काढायचं ठरलं, तेव्हा त्या मोहिमेतलं एकच माणूस हयात सापडलं. दिग्दर्शक बाई स्वतः घरी आल्या. "काका, आमच्या नटांना ओझं उचलायला शिकवाल? ते पेटी उचलतात आणि रिकामी आहे हे लगेच कळतं."

पत्र्याच्या मोठ्या शेडमध्ये जंगल उभं केलं होतं. रबराच्या वेली, प्लास्टिकची पानं, पंपाने पडणारा पाऊस. मुंगीकाका पहिल्या दिवशी आत शिरले आणि दारातच थबकले. झाडं खोटी होती, पण ओल्या मातीचा वास खरा होता. मग ते कामाला लागले. कपाळावर पट्टा कसा घ्यायचा, चढावर टाच आधी का टेकवायची नाही, दम लागला तरी तोंड का उघडायचं नाही, सगळं त्यांनी दाखवलं. नट त्यांच्यावर खूश होते.

घरी वहिनी रोज विचारायच्या, "भावजी, ह्यांचं काम कोण करतंय? दिसायला बरा आहे ना?"

"दादापेक्षा गोरा आहे."

"मग कसला बरा!" म्हणून त्या हसायच्या. इतक्या वर्षांत एवढं हसू त्यांच्या तोंडावर मुंगीकाकांनी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या आठवड्यात भावाचा प्रसंग आला. दादाचं काम करणारा नट पहाटेच्या निळ्या उजेडात उठला, झोपलेल्या माणसांकडे पाहिलं आणि धान्याची पिशवी घेऊन झाडीत पळाला.

"असं नव्हतं झालं," मुंगीकाका मोठ्याने म्हणाले.

काम थांबलं. दिग्दर्शक बाईंनी त्यांना खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं आणि साहेबांच्या वहीचं पान दाखवलं. 'एक हमाल धान्य घेऊन पळाला.' अक्षर साहेबांचंच होतं.

"काका, खरं काय झालं ते सांगा. मी प्रसंग बदलते. शब्द देते."

बाई मनापासून बोलत होत्या, आणि तिथेच घोडं पेंड खात होतं. खरं असं होतं की दादाचा पाय मांडीपर्यंत सुजला होता, त्याला उभं राहता येत नव्हतं. साहेब म्हणाले, दोन दिवसांत याच वाटेने परत येऊ. दादाला झाडाखाली बसवलं, पाणी आणि मूठभर धान्य ठेवलं. दादा म्हणाला, "जा रे, मी आहे इथेच." मुंगीने साहेबांची पेटी उचलली आणि चालू लागला. मग उगम सापडला, पलीकडून सोपी वाट सापडली आणि साहेब त्या वाटेने उतरले. मुंगीने दादाचं काय, असं एकदा विचारलं. साहेब वहीत लिहीत राहिले. त्याने दुसऱ्यांदा विचारलं नाही.

हे सांगायचं, तर ते पडद्यावर वहिनी पाहणार.

"वहीत आहे तसंच असेल, बाई," मुंगीकाका म्हणाले. "म्हातारपणी घोटाळा होतो."

ते उठले तोच नट जवळ आला. "काका, पिशवी आवाज न करता कशी उचलायची?"

मुंगीकाका खाली वाकले. पिशवीचं तोंड मुठीत धरलं, दुसरा हात बुडाखाली घातला आणि अलगद उचलून दाखवली. नटाने तीनदा करून पाहिलं. तिसऱ्यांदा जमलं.

सिनेमा लागला तेव्हा "गर्दी असते, जाऊ नका," असं त्यांनी वहिनींना दहादा सांगितलं. वहिनी शेजारणीबरोबर दुपारच्या खेळाला गेल्याच. परतल्या आणि चप्पल न काढता आत आल्या.

"ते मेलेच नव्हते," त्या म्हणाल्या. "मला सोडून गेले. मला वाईट वाटू नये म्हणून तुम्ही मेले म्हणालात. हो ना, भावजी?"

मग मात्र मुंगीकाकांनी सगळं सांगितलं. सुजलेला पाय, झाड, पेटी, दुसरी वाट. काही राखून ठेवलं नाही. वहिनी भिंतीकडे बघत ऐकत होत्या.

"आधी मांडीवर गेले म्हणालात. आता झाडाखाली सोडून आलो म्हणता. उद्या आणखी काय सांगाल?" त्यांचा आवाज चढला नाही. "सिनेमावाले तरी एकच सांगतात. आणि ते साहेबांनी लिहिलेलं आहे."

"वहिनी, मी शपथेवर..."

"पुरे. भावाची अब्रू झाकायला स्वतःच्या अंगावर घेऊ नका."

आठवड्याभरात त्या पोलीस चौकीकडे निघाल्या, हरवलेल्या माणसाची नोंद करायला. त्यांना पायऱ्या चढवत नव्हत्या म्हणून मुंगीकाकांनी हात धरला.

टेबलामागच्या हवालदाराने कागद ओढला. "शेवटचं कुणी पाहिलं?"

"मी," मुंगीकाका म्हणाले.

"कधी?"

"त्रेचाळीस वर्षं झाली."

हवालदाराने पेन खाली ठेवलं आणि दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "आजी, घरी जा," तो समजुतीने म्हणाला.

वहिनी बाकावर बसल्या त्या उठेनात. चौकीचे मोठे साहेब जेवून येऊ देत, मग त्यांना विचारते, म्हणाल्या. मुंगीकाका बाकाच्या दुसऱ्या टोकाला टेकले. त्यांनी एकदा वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी मांडीवरची आपली पिशवी उचलून दोघांच्या मधे ठेवली.