ठिणगीचा दांडा

शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात एका शेडमध्ये मी सहा वर्षं नोकरी केली. बाहेरून ती टायरच्या गोदामासारखी दिसायची. आत आमच्या अरबाबचा, म्हणजे मालकांचा, जुन्या मोटारींचा संग्रह होता. माझं काम ऑफिसचं: विम्याचे कागद, पाहुण्यांची यादी, आणि प्रत्येक गाडीसमोर लावायच्या माहितीच्या पाट्या. मी मूळची वसईची, राहायला दुबईत अल मनखूलला. मोटारींतलं मला काही म्हणजे काही कळत नव्हतं. जे कळलं ते चाचांमुळे.

चाचा आमचे मुख्य मेकॅनिक. श्रीवर्धनकडचे, वय पासष्टच्या पुढे. तरुणपणी आखातात आले ते पिकअप दुरुस्त करायला, आणि म्हातारपणी अरबाबनी त्यांना या संग्रहासाठी उचललं. इंग्रजी वाचता येत नसे, पण इंजिनाला कान लावून त्याचं दुखणं सांगत.

एके वर्षी अरबाबनी युरोपातून एक गाडी आणली. पेट्रोलवर चालणाऱ्या अगदी पहिल्या पिढीतली. घोडागाडीचा घोडा सोडून घ्यावा तशी दिसायची. लाकडी चाकं, सीटखाली एकच सिलिंडर, छप्पर नाही. ती कित्येक वर्षं सुरूच झाली नव्हती. सोबत इंग्रजी माहितीपुस्तकाची झेरॉक्स आली होती. चाचा रोज चहाच्या वेळी ती माझ्यापुढे ठेवत. "वाच बेटी, आपल्या भाषेत."

मी मोडक्यातोडक्या मराठीत सांगायची आणि ते खाली बसून त्याप्रमाणे हात चालवायचे. असं दीड वर्ष चाललं. पाट्यांसाठी मी वाचलेलं त्यांना सांगायची. सुरुवातीला पेट्रोल पंपच नव्हते, कपड्यांचे डाग काढायचं औषध म्हणून ते केमिस्टच्या दुकानात मिळायचं, हे ऐकून ते खूप हसले. एका संशोधकाची बायको नवऱ्याला न सांगता त्याची गाडी आणि दोन मुलं घेऊन माहेरी निघाली, वाटेत नळी तुंबली तर टोपीच्या पिनने साफ केली, ही गोष्ट त्यांना इतकी आवडली की त्यांनी ती फोनवर गावी चाचींना सांगितली. त्या काळी वाफेच्या आणि विजेच्या गाड्याही होत्या, शहरातल्या बायकांना विजेची गाडी सोयीची वाटायची कारण ती सुरू करायला हँडल मारावं लागत नसे, हे मी सांगितलं तेव्हा मात्र त्यांनी पाना खाली ठेवला. म्हणाले, "बरोबर होतं त्यांचं. हँडल वाईट."

मग त्यांनी मला हँडल समजावलं. स्टिअरिंगजवळ एक छोटा पितळी दांडा होता. सिलिंडरमध्ये ठिणगी कधी पडायची ते तो ठरवायचा. इंजिन हाताने फिरवताना दांडा मागे हवा, म्हणजे ठिणगी उशिरा पडते. पुढे राहिला तर ठिणगी लवकर पडते, इंजिन उलटा झटका देतं आणि लोखंडी हँडल सरळ माणसाच्या मनगटावर येतं. पुस्तकातही तेच होतं, जाड अक्षरांत. ते पान मीच त्यांना वाचून दाखवलं होतं. म्हणून मला ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

गाडी पहिल्यांदा सुरू झाली तेव्हा पूर्ण शेड थरथरली. चाचांनी डोळे पुसले आणि धूर लागला म्हणाले.

महिन्याभराने अरबाबचे पाहुणे यायचे होते. दुपारी चारची वेळ. चाचांनी सकाळीच सगळं तयार केलं, दांडा मागे घेतला आणि दुपारी नमाजाला गेले. शेडमध्ये मी एकटीच होते. माझी लेक तेव्हा नववीत. मी दिवसभर कुठल्या भंगारात बसते असं तिचं मत होतं. तिला दाखवावं म्हणून मी गाडीत चढून बसले, फोन समोरच्या कपाटावर टेकवला, टायमर लावला आणि एक हात स्टिअरिंगवर, एक त्या दांड्यावर ठेवून पोज दिली. तीन फोटो काढले आणि तिला पाठवले. लगेच उत्तर आलं, "मॉम, इट लुक्स लाइक अ सायकल!" मी हसत खाली उतरले.

दांडा मी हलवला होता का? हलवला होता. फोटोत चांगला दिसावा म्हणून पुढे ढकलला होता. परत मागे घेतला असं मला वाटलं, पण नक्की आठवेना.

तेवढ्यात गेटवर गाड्यांचे हॉर्न वाजले. पाहुणे तासभर आधीच आले. अरबाब आत येताच टाळ्या वाजवून घाई करू लागले, "यल्ला, यल्ला!" चाचा ओल्या हातांनीच धावत आले. ते गाडीच्या पलीकडच्या बाजूला, हँडलपाशी होते. दांडा माझ्या बाजूला. एरवी ते स्वतः फिरून बघायचे. त्या दिवशी मध्ये पाच-सहा पाहुणे उभे होते. चाचांनी माझ्याकडे बघून विचारलं, "बेटी, कुणी हात नाही ना लावला?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मालकाच्या गाडीत बसून फोटो काढत होते, हे मी कसं सांगणार? मी म्हणाले, "नाही चाचा."

त्यांनी हँडल मारलं. बंदुकीसारखा आवाज झाला आणि चाचा खाली बसले. ओरडलेसुद्धा नाहीत. डाव्या हाताने उजवं मनगट धरून होते आणि तो हात भलत्याच ठिकाणी वाकला होता.

अरबाब स्वतः त्यांना हॉस्पिटलला घेऊन गेले. उचलून नेताना चाचांची नजर दांड्यावर गेली. मीही तेव्हाच पाहिलं. दांडा पुढे होता. ते म्हणाले, "माझ्याकडूनच राहिला. विसरलो." आणि मला म्हणाले, "घाबरू नको बेटी, तू रडू नको."

त्या क्षणी बोलायला हवं होतं. नाहीतर दुसऱ्या दिवशी, हॉस्पिटलमध्ये. मी डब्यातून पेज घेऊन गेले होते, चमच्याने भरवलीसुद्धा. पण तोंड उघडलं नाही. मनगट दोन ठिकाणी मोडलं होतं. प्लास्टर निघाल्यावर बोटं पूर्ण मिटेनात. अरबाब मनाने चांगले, म्हणाले, नुसते बसून राहा, पोरांना शिकवा. चाचांनीच नकार दिला. "ज्याला दांडा आठवत नाही, त्याने दुसऱ्याला काय शिकवायचं? खलास." दोन महिन्यांत ते कायमचे गावी गेले. एअरपोर्टवर सोडायला मीच गेले. तिथेही बोलले नाही.

नंतर दर ईदला फोन करायची. प्रत्येक वेळी सांगायचं ठरवून करायची, आणि प्रत्येक वेळी ते आधी माझ्या लेकीची चौकशी करत. मग मी हवापाण्याचं बोलून फोन ठेवायची. तीन वर्षं अशीच गेली. चौथ्या वर्षी फोन त्यांच्या मुलाने उचलला. चाचा गेले होते. झोपेतच, आठ दिवसांपूर्वी.

त्या ख्रिसमसच्या सुट्टीत वसईला आले, तेव्हा एकटी श्रीवर्धनला गेले. घर बाजाराच्या मागे, पुढे नारळाची चार झाडं. चाचींनी मला लगेच ओळखलं. "पुस्तक वाचून दाखवायची ती तूच ना?" त्यांनी चहा केला, नारळाची वडी दिली आणि आपणहून सांगू लागल्या. इथे आल्यावर चाचांनी पान्याला हात लावला नाही. शेजारच्या बोटीचं इंजिन बंद पडलं, लोक बोलवायला आले, तर म्हणाले, माझा भरवसा नाही. गॅस बंद केला का, हे रात्रीतून तीन-तीनदा उठून बघायचे. मोटारसायकलची चावी मुलाला देऊन टाकली. "डोकं गेलं माझं, असं म्हणायचे. डॉक्टर म्हणाले काही झालं नाही. पण त्यांना पटेना."

मनगटाचं दुःख मी चार वर्षं वागवत होते. त्यांचा स्वतःवरचा भरवसाच गेला, हे मला माहीतच नव्हतं.

मी सगळं सांगितलं. फोटो, दांडा, त्यांचा प्रश्न, माझं उत्तर. चाचींनी माझ्यापुढचा कप बाजूला सरकवला. मला वाटलं, हाकलून देतील. दिलं असतं तर बरं झालं असतं.

"त्यांना सांगायचं होतंस गं," त्या म्हणाल्या. "एवढंच ऐकायला हवं होतं त्यांना. हात मोडल्याचा काही राग नव्हता त्यांना."

मी माफी मागितली. त्यांनी बशी उचलली, पुन्हा खाली ठेवली. बाहेर मुलाच्या गाडीचा आवाज आला तशी त्यांनी माझा हात धरला आणि हळू आवाजात म्हणाल्या, "याला सांगू नकोस. याने बापाला खूप टोकलंय. विसरभोळे झालात, मध्ये पडू नका, असं रोज. आता कळलं तर याला जगणं कठीण होईल."

मी मान डोलावली.

मुलगा मला एसटी स्टँडपर्यंत सोडायला आला. वाटेत वडिलांच्या विसरण्याचे किस्से सांगत होता, हसत, प्रेमाने. मी ऐकत राहिले.