बाबांचं रिकामं ताट

लढाईचे दिवस होते. इन्शुलिनची बाटली सुरतेहून आली तर आली, त्यामुळे ती मी जिवापाड जपत असे. रेल्वेलाइनीवरच्या एका लहान दवाखान्यात मी नर्स होते आणि तापीकाठच्या एका शेतकरी बाबांनी मला तिथं रडकुंडीला आणलं होतं.

बाबांना मधुमेह होता आणि पायाची जखम चिघळली होती. साखर ताब्यात आली तर जखम भरेल, नाहीतर पाय कापावा लागेल, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं. म्हणून रोज दुपारी मी सुई टोचायची आणि पाठोपाठ बाबांनी जेवायचं. त्यांची बायको, आम्ही त्यांना आजी म्हणायचो, आवारातल्या चुलीवर भाकरी भाजून ताट आणून देई. ते चाटूनपुसून रिकामं परत जाई. तरी थोड्याच वेळात बाबांना दरदरून घाम सुटायचा, हात थरथरायचे, जीभ अडखळायची. मी धावत जाऊन साखरेचं पाणी पाजायचे. डॉक्टर मग इन्शुलिन कमी करायचे, आणि कमी केलं की जखम पुन्हा वाहायला लागायची. मी पार वैतागून गेले होते.

एके दिवशी सुई टोचून मी गेले नाही, दारातच थांबले. गाडी नुकतीच येऊन गेली होती. खाटेभोवती खांडबाऱ्याकडचे नातेवाईक बसले होते आणि बाबांचं ताट त्यांच्यात फिरत होतं. बाबा एकेकाला आग्रह करत होते. स्वतःच्या तोंडात घासभरही नाही.

मी तोंडाचा पट्टा सोडला. सुईनंतर पोटात अन्न गेलं नाही तर रक्तातली साखर संपते, माणूस बसल्या जागी जातो, हे पाहुण्यांदेखत सुनावलं. बाबांना माझंच वागणं विचित्र वाटलं.

"पाव्हना समोर बठेल शे, नि मी एकलाच खाऊ का?"

आजींना म्हटलं, जास्तीच्या भाकरी करा. त्या करतच होत्या. पण पाहुण्यांचं पोट भरल्याशिवाय बाबा ताटाला हात लावत नसत, आणि तोवर आणखी कुणीतरी टपकायचं. अख्ख्या पंचक्रोशीला याच माणसाची खुशाली विचारायची होती.

शेवटी डॉक्टरांच्या मागे लागून मी जेवणाच्या वेळी पाहुण्यांना फाटकाबाहेर थांबवलं. ते तोंडं वाकडी करून बसले, बसोत. दुसऱ्या दिवशी वॉर्ड मोकळा होता. मी सुई टोचली, ताट पुढे सरकवलं आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिले. बाबांनी भाकरी मोडली, तुकडा भाजीत बुडवला आणि माझ्यापुढे धरला.

"तू बी ते उपाशीच शे, बाई. आधी तू खाय."

मला भूक नाही म्हटलं. पेशंटच्या ताटातलं नर्सनं खायचं नाही, हा नियम सांगितला. ओरडले. बाबांचा हात तसाच. इकडे औषध अंगात भिनत होतं, भांडायला वेळ नव्हता. मी तो तुकडा तोंडात कोंबला. संतापानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी गिळल्याचं नीट पाहून मगच बाबा जेवायला लागले.

त्यांचा पाय वाचला. पण जखम भरेपर्यंत सुई त्यांना आणि पहिला घास मला, असंच रोज चाललं, आणि एकही दिवस मी तो निमूटपणे खाल्ला नाही.