लव्हडे ट्रेम्बाथचे पाच बुधवार

लव्हडे ट्रेम्बाथ आमच्या पोल्गारथ गावात लोकांचे कपडे धुऊन जगली. इंग्लंडच्या टोकाला, कॉर्नवॉलच्या आमच्या किनाऱ्यावर वारा सहसा पडत नाही. त्या वाऱ्यात ओली चादर दोरीवर कशी बांधावी हे तिच्याइतकं कुणालाच जमलं नाही. नवरा मासेमारीला गेला आणि परतला नाही, तेव्हा जोरी पोटात होता. त्या एका पोराकडे बघून तिनं वीस वर्षं काढली. दुसऱ्या महायुद्धात जोरी नौदलात गेला, ‘हार्टवेल’ नावाच्या विनाशिका युद्धनौकेवर, बॉयलरपाशी.

तेच जहाज आमच्या पंचक्रोशीनं दत्तक घेतलं होतं. दर बुधवारी दुपारी थर्झा नॅन्सच्या स्वयंपाकघरात बाया जमायच्या आणि त्या जहाजाच्या खलाशांसाठी लोकरीचे लांब मोजे विणायच्या.

जानेवारीत तार आली. मी गावचा टपालवाला, तारही मीच नेली. लव्हडेचे हात साबणात होते, म्हणून तिनं मलाच वाचायला सांगितली. जोरी बेपत्ता आहे. जहाजाचं नाव कुणापाशीही काढू नये, शत्रूला सुगावा लागता कामा नये.

तिनं हात पुसले, बराच वेळ पुसत राहिली.

“म्हणजे शोधतायत त्याला,” ती म्हणाली. “बोभाटा झाला तर जर्मन त्या शोधणाऱ्या बोटींवरच तुटून पडतील. म्हणून गप्प राहायचं. होय ना, जेबेझ?”

जहाजाच्या कठड्यावर बर्फ धरतो, असं जोरीनं शेवटच्या पत्रात लिहिलं होतं. तरुणपणी मी त्या उत्तरेच्या समुद्रात मासे धरलेत. तिथल्या हिवाळी पाण्यात पडलेला माणूस चहाचं आधण येईपर्यंतसुद्धा टिकत नाही. मी पिशवीचा पट्टा सारखा केला. तिनं तोच होकार धरला.

आणि ती गप्प राहिली. दर बुधवारी जाऊन विणत बसली. थर्झाची जीभ धारेची. “तुझ्या पोराची पावलं म्हणजे होड्याच गं लव्हडे, दोघांची लोकर एकटा खातो,” असं ती म्हणायची, बाया हसायच्या, आणि लव्हडेही हसायची. ते हसू बघवत नसे. जोरीचं पत्र आलं का, असं कुणी विचारलं की येईल म्हणायची.

पाचव्या बुधवारी मी नेहमीप्रमाणे मोज्यांचं गाठोडं न्यायला गेलो, तेव्हा थर्झाकडे रेडिओवर दुपारच्या बातम्या चालू होत्या. त्यांत ‘हार्टवेल’ बुडाल्याचं सांगितलं. मृतांच्या आणि बेपत्ता खलाशांच्या नातेवाइकांना कळवण्यात आलं आहे, असंही सांगितलं.

सगळ्यांच्या माना लव्हडेकडे वळल्या.

“तुला ठाऊक होतं?” थर्झाचा आवाज फाटला. “पाच आठवडे आम्ही बुडालेल्या जहाजासाठी विणत बसलो, आणि तू चकार शब्द काढला नाहीस?”

लव्हडेनं तिच्याकडे पाहिलंच नाही. तिची नजर माझ्यावर होती.

“साऱ्या जगाला सांगून टाकलं, जेबेझ,” ती हळूच म्हणाली. “म्हणजे शोधायचं थांबवलं त्यांनी.”

मी हो म्हणालो; शोधण्यासारखं पहिल्या दिवसापासूनच काही नव्हतं, हे तेव्हाही सांगितलं नाही.

त्यानंतर ती एकोणीस वर्षं जगली. धुणी धुतली, चादरी वाळवल्या. थर्झा तिच्या दाराशी पाव ठेवून जायची. पण कुणी जोरीचं नाव काढलं की लव्हडे माझ्याकडे बघायची, आणि मी खाली बघायचो.