चालू हापशी

फुलसावंगीच्या बाजारात भज्यांच्या ठेल्यावर ही गोष्ट फार चालते. "तांड्यातली ते रुपीबाई आहे ना, तिच्या अंगात येते म्हन्ते. रोज सकाळी सुक्या हापशीचा दांडा हानते अन् मेलेल्या नवऱ्याले हाका मारते. दोनशे दांडे झाले का खालून आवाज येते, होऽऽ!" सांगणारा तो 'हो' रिकाम्या घागरीत तोंड घातल्यासारखा काढतो आणि ऐकणाऱ्यांचे घास तोंडाशीच थांबतात.

यातलं खरं एवढंच की दांडे दोनशे असतात. नवरा जिवंत आहे. परवा ही गोष्ट रंगात आली होती, तेव्हा तो त्याच ठेल्यावर मिरचीचे भजे खात बसला होता, आणि कोण वाद घालत बसेल म्हणून त्यानंही मान हलवली. रुपीबाईच्या अंगात काही येत नाही. तिला राग येतो.

त्या रागाला आता तीन उन्हाळे झाले. तांड्यातली एकुलती एक हापशी तेव्हा मार्चमध्येच आटली. टँकरसाठी अर्ज गेला, आणि हापशी खरंच आटली का हे बघायला एक साहेब आले. इथंच घोळ झाला. खेमसिंग म्हणजे तांड्याचे नायक, सगळ्यांचे मोठे. दोनदा घसा साफ केल्याशिवाय ते शब्द सोडत नाहीत. "ख्खं... ख्खं... साहेब आपला पाहुना हाये. तांड्यावर येऊन पाहुना तहानलेला गेला, त आपली काय इज्जत राह्यली?" मग चार घरांतून चार घागरी आल्या. हापशीचं वरचं झाकण उघडून पाणी आत ओतलं आणि दांडा मारला. ओतलेलंच पाणी तोंडातून भळभळ बाहेर आलं. साहेबांनी ओंजळ धरली, पोटभर प्यायले, मिशी पुसली. "पाणी गोड आहे हो!" म्हणाले आणि कागदावर लिहून गेले: हापशी चालू, टँकरची गरज नाही.

सगळ्यांना वाटलं, ओतलेलं पाणी त्यांना दिसलंच असेल. साहेब माणूस, त्यांना कळत नसेल का?

चार घागरींतली पहिली रुपीबाईची होती. देवसिंगच्या शेतातल्या विहिरीवरून, अर्ध्या कोसावरून, डोक्यावर आणलेली. तिच्याच पाण्यानं तिच्या तांड्याचा टँकर बुडाला, हे तिला आठ दिवसांनी कळलं. त्या दिवशी तिनं ती घागर अंगणात अशी आपटली की अजून तिचा एक गाल बसलेला आहे.

मग ती तालुक्याच्या ऑफिसात गेली. तिथं अमर नावाचा कारकून आहे. तो माणसाकडं न बघता कम्प्युटरशी बोलतो, आणि प्रत्येक वाक्य च्युइंगमसारखं ताणतो. "माऽवशी, इथं हिरवा टिपका दिसून राह्यला. हिरवा म्हन्जे चाऽलू."

"बाप्पू, मंग त्या टिपक्यातून मले एक घागर काढून दे."

"तसं नसते माऽवशी. चालू हापशी बंद दाखवाची असन त तपासनी लागते."

"कर मंग तपासनी."

"चालू हापशीची तपासनी कायले करतीन?"

रुपीबाईनं टेबलावर असा हात मारला की अमरचा चहा हिरव्या टिपक्यावर उडाला. चार वेळा ती गेली, चार अर्ज दिले. चारही वेळा एकच उत्तर, फक्त खालची तारीख वेगळी.

पाचव्या वेळी ती गेली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पदर खोचून ती हापशीवर उभी राहिली. कर्र-खट. कर्र-खट. दोनशे दांडे. "सरकार म्हन्ते चालू हाये. मंग चालली पाह्यजे!" खालून हवेची एक ढेकर यायची, बाकी काही नाही. दोनशे झाले की ती घागर उचलून देवसिंगच्या विहिरीकडं निघायची.

तांड्यातली पोरं तिला 'याडी' म्हणतात, म्हणजे आई. तीच पोरं भिंतीआडून कर्र-खट करून तिला चिडवायची. मोठे वेगळ्या पद्धतीनं चिडवायचे. शेजारचा देवीलाल बिडी ओढत रोज एकच म्हणायचा, "काहून मुडद्याले हानून राह्यली व? हात मोडतीन."

"मोडले त त्या अमरच्या टेबलावर नेऊन ठेवीन. लिही म्हनन, हेही चालू हायेत."

"काही फायदा हाये का?"

"फायद्यासाठी राग येते का रे कोनाले?"

पण रात्री खांदा भरून यायचा, तेव्हा तिलाही वाटायचं की देवीलाल बरोबर बोलतो. दुखरा खांदा चोळताना राग पुन्हा वर यायचा, आणि सकाळी ती हापशीवर असायची.

यंदा एप्रिलमध्ये निरोप आला: नवे साहेब येणार, चालू हापशांचे फोटो काढायला. दांडा मारताना आणि पाणी पडताना, असा फोटो हवा. खेमसिंग नायकांनी दोनदा घसा साफ केला. "ख्खं... ख्खं... पाहुना हाये. घागरी आना."

"नायक," रुपीबाई म्हणाली, "या टायमाले एक थेंब नाही."

साहेब आले. वय तिशीच्या आतलं, कपाळावर गॉगल, बोलणं पुस्तकातलं. "नमस्कार, आपण फक्त एक फोटो घेऊन टाकू." तोवर नायकांच्या सुनेनं हापशीचं झाकण उघडून घागर उचललीही होती. रुपीबाईनं ती हिसकली आणि पालथी केली. अर्ध्या कोसावरून आलेलं पाणी धुळीत गेलं. सगळा तांडा "आरे आरे आरे!" करून ओरडला. ओल्या मातीकडं रुपीबाईनं एकदा पाहिलं, पण पाय मागं घेतला नाही.

"साहेब, हापसा."

साहेब हसले. दहा दांडे मारले. वीस. "जरा वेळ लागतो बहुतेक." पन्नास. शर्ट पाठीला चिकटला. नव्वदीवर गॉगल नाकावर घसरला. कर्र-खट, आणि हवेची ढेकर. एकशे दहावर त्यांनी दांडा सोडला.

"आजी, जरा पाणी देता का?"

वाटेवरच्या कुत्र्याला पाणी ठेवणारी बाई, तिच्या दारी माणूस पाणी मागत होता. नायकांना घसा साफ करायचंही सुचलं नाही. रुपीबाईनं पदर खोचला.

"हापशी चालू हाये ना साहेब? तुमच्या कागदावर हाये. घ्या काढून."

"आजी, उन्हातून आलोय हो मी..."

"आमी तीन वर्सं उन्हातच हावो! त्या पहिल्या साहेबाले आमी आमचंच पानी पाजलं, अन् त्यानं आमचंच पानी तोडलं. अगुदर लिहा. मंग प्या."

साहेबांनी ओठ चाटले. हापशीकडं पाहिलं, धुळीतल्या ओल्या डागाकडं पाहिलं. मग पेन काढून, गुडघ्यावर कागद ठेवून लिहिलं. नायकांच्या सुनेनं मोठ्यानं वाचून दाखवलं: हापशी बंद, टँकर तातडीने द्यावा. रुपीबाईनं तिच्याकडून दोनदा वाचून घेतलं. मगच घरातून तांब्या आणला. साहेब प्यायले. तिनं दुसरा तांब्या आणला. तोही प्यायले.

ही गोष्ट लिहिणारी पोरगी भिंतीआडून कर्र-खट करणाऱ्यांपैकीच. साहेब यायच्या आदल्या दिवशी तिनं रुपीबाईच्या आवाजाची नक्कल करून तिला डिवचलं होतं, "एक थेंब नाही म्हन्ते! पाहुन्यानं मांगितलं का तूच पैले तांब्या घेऊन धावशीन, याडी." पैज लागली. हरेल तिनं टँकर येईपर्यंत जिंकणारीचं पाणी भरायचं.

टँकर अकराव्या दिवशी आला. तोवर रोज दोन घागरी, देवसिंगच्या विहिरीवरून, या पोरगीच्या डोक्यावर, आणि रुपीबाई बाजेवर बसून ओरडायची, "सांडू नको व छोरी, सांडू नको!"