टोपावरचं नाव

वस्तूंवर नाव घालण्याच्या बाबतीत माझ्या आतेभावाइतका पछाडलेला माणूस महाड-पोलादपुरात दुसरा झाला नाही. छत्री, चप्पल, चार्जर, पाण्याची बाटली, सगळ्यांवर नाव. एकदा आम्ही सवच्या गरम पाण्याच्या कुंडावर आंघोळीला गेलो, तर या गृहस्थाने टॉवेलचं तर सोडाच, साबणावरही नाव कोरून आणलेलं. साबण झिजल्यावर काय, असं मी विचारलं. ‘‘मग भांडणच मिटलं,’’ असं म्हणून तो शांतपणे पाठ चोळू लागला.

पोलादपुरात घरी बसून तो पुण्याच्या एका कंपनीसाठी वेबसाइटवरची बटणं, चौकटी, तारखा निवडायच्या पट्ट्या घडवतो. या वस्तू मग लोकांच्या वेबसाइटवर नांदायला जातात. प्रत्येकीला एक नाव असतं आणि तिचा रंग, आकार, कपडालत्ता त्या नावाखाली स्टाईलशीटमध्ये लिहिलेला असतो. सासरी त्याच नावाचं आधीच कुणी असलं, तर तिथला कपडालत्ता हिच्या अंगावर चढतो आणि लेक ओळखू येत नाही. एका लग्नाच्या पंगतीत त्याने मला हे वरणभात निवेपर्यंत समजावलं होतं. समोरचे वाढपी दोनदा आमची पानं टाळून गेले.

हे वेड त्याला उगाच लागलेलं नाही. धंद्यात नवीन होता तेव्हा त्याने हौसेने एक चौकट बनवली होती. कशेडी घाट चालू असला की हिरवी, बंद असला की लाल. त्यात अक्षर एकही नव्हतं, कारण ती मुळात आत्यासाठी होती आणि आत्याला वाचता येत नव्हतं. लाल रूपाला त्याने साधंसरळ नाव दिलं, ‘बंद’. गावाकडच्या बातम्या देणाऱ्या एका वेबसाइटने ती चौकट आवडीने लावून घेतली. तिथे ‘बंद’ नावाचं एक हिरवं बटण आधीपासून होतं, जाहिरात बंद करायचं. झालं. घाटात दरड आली आणि चौकट हिरवीगार. खेडला लेकीकडे गेलेली आत्या फोनमधला हिरवा रंग बघून निश्चिंत मनाने एस.टी.त बसली आणि घाटाखाली दिवसभर अडकून पडली. मधुमेहाची बाई, पिशवीत दोन केळी.

घरी आल्यावर ती रागावली नाही, त्यामुळे तो जास्तच खचला. ही कामं आपल्याच्याने होणार नाहीत, असं म्हणू लागला. आत्याने सगळं ऐकून घेतलं. आमच्याकडे लग्नकार्याला वाडीभरची भांडी एकत्र होतात आणि नाव कोरलेलं असलं तरच आपापल्या घरी परततात. स्वतःच्या नावाची अक्षरं ती आकारावरून ओळखायची.

‘‘तुझी चौकट लोकाच्या घरी गेली नि तू नाव नाय घातलंस?’’ ती म्हणाली. ‘‘लग्नाला टोप देताना मी बिननावाचा देते काय रे?’’

त्या दिवसापासून त्याच्या स्टाईलशीटमधलं प्रत्येक नाव अनसूयापासून सुरू होऊ लागलं. अनसूया-बंद, अनसूया-बटण, अनसूया-पट्टी. पुण्याच्या साहेबांनी काही दिवस हे प्रकरण नाजूक समजून दुर्लक्ष केलं आणि शेवटी लग्न कधी, असं प्रेमाने विचारलं. आई आहे, असं याने सांगितलं. नंतर साहेबसुद्धा अनसूयाबाई बऱ्या आहेत ना, असं विचारूनच काम पुढे पाठवायचे.

गेल्या वर्षी आत्या गेली. मागोमाग कंपनीने नवी पद्धत आणली. आता म्हणे प्रत्येक चौकट आपल्या कुंपणात राहते, बाहेरचे रंग आत शिरत नाहीत, तेव्हा नावांआधीची ही ‘अनसूया’ काढा. तो नोकरी सोडेल, अशी मला धास्ती होती. मशीन ती सगळी नावं एका झटक्यात पुसू शकतं. याने ती स्वतः, एकेक करून काढली. पद्धत चांगली आहे, एवढंच म्हणाला. मला फार वाईट वाटलं.

परवा महाडला आमच्याकडे आला होता. ओट्यावर एक मोठा टोप पालथा घातलेला होता. त्यावर ‘अनसूया’. आमच्या घरच्या बारशात भांड्यांची अदलाबदल झाली, तेव्हापासून तो आमच्याकडेच राहिलेला. अक्षरांवरून त्याने बराच वेळ बोट फिरवलं. मी टोप पुसून पिशवीत घालायला लागलो, तर त्याने माझा हात धरला.

‘‘राहू दे, दादा. नाव हाय ना तिचं. हरवायची नाय ती.’’

चहा आम्हा दोघांपुरताच करायचा होता, पण त्याच टोपात केला. तळाशी जेमतेम दिसत होता.