हरकत नाही

कॉलेज प्रवेशाचा सल्ला देणाऱ्या मास्तरांना खोटं बोलणं जमत नसे आणि खरं बोलायला जीभ रेटत नसे. म्हणून त्यांनी मधली वाट काढली होती. गुण पाहून प्रवेश मिळेलसं वाटलं, की ते म्हणत, "बिनधास्त अर्ज करा." आशा नसली, की चष्मा पुसत म्हणत, "अर्ज करायला हरकत नाही." आईबाप हसतमुखाने उठत. आत मास्तरांची बायको मात्र देवाला हात जोडी, "त्या लेकराला तूच सांभाळ रे बाबा."

त्यांची लेक हे ऐकतच लहानाची मोठी झाली. लोक गेले, की चष्मा पुसण्याची नक्कल करून ती आईला हसवायची.

यंदा तिचाच निकाल लागला. गुणपत्रिका घेऊन ती पालकांच्या खुर्चीत बसली आणि तिने एकाच कॉलेजाचं नाव घेतलं. त्याच कॉलेजासाठी ती दोन वर्षं खपली होती. मास्तरांनी गुण पुन्हा पुन्हा वाचले. ते चांगले होते, पण तिथे पुरणारे नव्हते.

"बोला ना बाबा. लोकांना सांगता तसं सांगा."

मास्तरांचा हात नकळत चष्म्याकडे गेला. त्यांनी तो काढला मात्र, लेकीने गुणपत्रिका हळूच ओढून घेतली.

"राहू द्या. कळलं."

आतून आईने विचारलं, "काय म्हणाले गं?"

"हरकत नाही म्हणाले."

या वेळी देवाला काय सांगावं, तेही आईला सुचेना.