विलगीकरणातली सही

ती घटना निवृत्तीनंतरही माझ्या मनातून गेलेली नाही. मी तेव्हा ब्रिस्बेनच्या पश्चिमेकडच्या एका पोलीस ठाण्यात डिटेक्टिव्ह सार्जंट होतो. महामारी चालू होती. निम्मा स्टाफ राज्याच्या सीमेवरच्या नाक्यांवर होता. उरलेले शिपाई विलगीकरणातली माणसं घरातच आहेत ना, हे घरोघर जाऊन तपासत.

एका सकाळी तिशीतली एक बाई काउंटरवर आली. मूळची पुण्याची, सिव्हिल इंजिनिअर, स्प्रिंगफील्ड लेक्सला नवऱ्याबरोबर राहणारी. माझ्या ओळखपत्रावरचं नाव वाचून ती मराठीत म्हणाली, "सर, माझ्या नावाने कुणीतरी खोटी सही केलीय."

कॅनबेराच्या संसदेने मंजूर केलेल्या खर्चाच्या कायद्यातून आमच्या राज्यातल्या एका दूरच्या छोट्या गावाला नवी जलवाहिनी मिळाली होती. त्या गावात नळाला तांबडं पाणी यायचं, लोक टँकरवर दिवस काढत होते. प्रेशर टेस्ट पास झाल्याचा इंजिनिअरच्या सहीचा दाखला दिल्याशिवाय ठेकेदाराला सरकारी निधी मिळणार नव्हता. पाइपचे सांधे गळत होते. ते बदलल्याशिवाय टेस्ट घेऊ नका, असं हिने लेखी कळवलं होतं. तरी दाखला गेला, आणि त्यावर हिची सही होती.

"ऑफिसात विचारलंत?" मी विचारलं.

"मॅनेजर म्हणाला, तुझा व्हिसा आमच्या स्पॉन्सरशिपवर आहे, डोकं शांत ठेव."

"मग?"

"मग इकडे आले. परत पाठवायचं तर पाठवू देत. मी न पाहिलेली टेस्ट माझ्या नावावर राहणार नाही."

मी तिला सांगितलं की जबाब इंग्रजीत होईल आणि तो माझी ऑस्ट्रेलियन सहकारी घेईल. उद्या कुणी म्हणायला नको, मराठी माणसाने मराठी बाईला पढवलं.

इन्स्पेक्टरने फाइल परत सरकवली. "मित्रा, पैसा केंद्राचा, कायदा केंद्राचा. कॅनबेरा बघेल. आपल्याकडे माणसं आहेत कुठे?"

"पैशाचं ते बघतील," मी म्हणालो. "खोट्या सहीची तक्रार या ठाण्यात आलीय. मी गुन्हा नोंदवतोय."

"मग जबाबदारी तुझी."

"माझीच."

दाखल्यावरच्या तारखेला ती कुठे होती, हे सिद्ध करायचं होतं. ती म्हणाली, "घरी. शेजारीण पॉझिटिव्ह निघाली म्हणून आम्ही दोघं विलगीकरणात होतो." नवऱ्याची साक्ष कोर्टात कितपत टिकली असती, कोण जाणे. मी आमचंच तपासणीचं रजिस्टर मागवलं. त्या तारखेला सकाळी सव्वाअकराची नोंद होती. आमचा शिपाई तिच्या दारात गेला होता, ओळखपत्र पाहून त्याने तिचं नाव लिहिलं होतं. दाखल्यावर टेस्टची वेळ अकरा ते एक होती, आणि साइट गाडीने तीन तासांवर.

मॅनेजर वकिलाला घेऊन चौकशीला आला. ती घरून काम करते, एवढंच त्याला ठाऊक होतं. विलगीकरणाचा ईमेल तिने एचआरला पाठवला होता, तो त्याने वाचलेला नव्हता.

"टेस्टच्या वेळी ती कुठे उभी होती?" मी विचारलं.

"माझ्या शेजारी. पाण्याच्या दाबाचा गेज तिनेच वाचला. लाल जॅकेट होतं तिचं. थंडीबद्दल काहीतरी बोललीही."

लाल जॅकेटचं मी विचारलं नव्हतं. खोटं बोलणाऱ्याला आपलं बोलणं अपुरं वाटतं, म्हणून तो न मागता भर घालतो. मी त्याला दोनदा पूर्ण बोलू दिलं, सगळं रेकॉर्ड झालं. मग रजिस्टरचं पान टेबलावर ठेवलं. वकिलाने ते वाचलं आणि अशिलाशी बोलायला वेळ मागितला. परत आल्यावर मॅनेजर एकच वाक्य बोलला, "तेव्हा सगळेच सगळ्यांच्या सह्या करत होते."

टेस्ट झालीच नव्हती. त्यासाठी लागणारा कंपनीचा पंप त्या दिवशी दुसऱ्याच साइटवर होता.

कंपनीने तिला काढून टाकलं. व्हिसासाठी नवा स्पॉन्सर शोधायची मुदत संपत आली होती, तेव्हा कोर्टात व्हिडिओवरून तिची साक्ष झाली. बचावाच्या वकिलाने विचारलं, "या देशात राहण्यासाठी तुम्ही काहीही बोलाल, नाही का?"

ती म्हणाली, "देशात राहायचं असतं तर मी गप्प बसले असते."

मॅनेजर दोषी ठरला. ठेकेदाराला सांधे उकरून बदलावे लागले, टेस्ट नव्याने झाली आणि गावाला स्वच्छ पाणी मिळालं. तिलाही मुदतीच्या आत दुसरी नोकरी लागली.

मीही या देशात व्हिसावरच आलो होतो. पहिली काही वर्षं वरिष्ठांसमोर मान हलवत काढली आणि त्याला शहाणपण समजलो. त्या बाईने माझा तो समज मोडला. त्यानंतर कुणी भीत भीत ठाण्यात आलं आणि दबक्या आवाजात म्हणालं, "साहेब, माझा व्हिसा..." तर मी खुर्ची पुढे करायचो आणि म्हणायचो, "व्हिसाचं नंतर. आधी काय झालं ते सांगा."